खोक्यावरचं नाव
ऑइल पेंटचा वास आला की छावणीतली आमची भाड्याची खोली आठवते. मी आणि कंपनीतला माझा जोडीदार तिथं व्हिडिओ गेमचं खोकं बनवत होतो, बस स्टँडसमोरच्या दुकानात होतं हुबेहूब तसं. प्लायवूडचं, आत जुना टीव्ही, पुढं दांडी आणि लाल बटणं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. तो मोर्चात जायचा, माझ्या घरचे विरोधात होते, आणि आम्ही दोघंही तो विषय टाळायचो. एके दिवशी त्यानं माझ्याकडं पाठ करून खोक्याच्या वरच्या पट्टीवर काहीतरी रंगवलं आणि रंगाला टेकणार नाही अशी चादर टाकली. म्हणाला, “वाळंस्तोवर हात लावू नको.” माझ्या डोक्यात किडा शिरला. यानं नक्की मोर्चाची घोषणा लिहिलीय, आता कुणीतरी खोकं फोडणार आणि माझीही मेहनत मातीत जाणार. तो पाणी भरायला गेला तशी मी चादर ओढली. पट्टीवर माझं आडनाव होतं, पिवळं, ठळक; आणि माझ्या घाईनं त्यातलं एक अक्षर फरफटलं होतं. दारात बादली घेऊन तो उभा होता. “तुझं आडनाव असलं की खोकं कुणी फोडणार नाय,” एवढंच बोलून त्यानं ब्रश उचलला आणि ते अक्षर परत गिरवलं. आज माझ्या दारावर पेंटर तेच आडनाव रंगवतोय, आणि मला तिथं उभं राहवत नाही.