मॉरिशसला निघालेल्यांचे सल्लागार

"आम्ही मॉरिशसला निघालो आहोत," असे कोणी सांगितले, की हे गृहस्थ प्रथम त्याच्या पायांकडे पाहत. "या चपलांनी पाण्यात उतरू नका. प्रवाळ पाय कापतो. रबरी बूट घ्या." अभिनंदन, शुभेच्छा वगैरे त्यानंतर.

टोकियोजवळच्या उरायासुतील आमच्या इमारतीखाली, सायकलींच्या रांगेशेजारी एक बाक आहे. मी माझ्या मुलाकडे राहायला आलो, तेव्हा ते मला तिथे भेटले. तरुणपणी ते मॉरिशसमध्ये ऊससंशोधक होते. तिथेच एका जपानी सहकारी बाईंशी त्यांचे लग्न झाले आणि पुढचा संसार जपानमध्ये. शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या, की परिसरातली मराठी कुटुंबे सल्ला विचारायला बाकाभोवती जमत. वाचकहो, विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देणारी माणसे आपण किती पाहिली आहेत?

एकदा एक तरुण जोडपे इथला भाताचा विजेचा कुकर बरोबर नेणार होते.

"हा शंभर व्होल्टचा. तिथे दोनशे तीस. भात नाही, धूर होईल."

"काका, अडॅप्टर घेतलाय ना!"

"अडॅप्टर पिन बदलतो, वीज नाही."

त्यांनी कुकर नेला, आणि हॉटेलच्या मजल्यावरची धोक्याची घंटा वाजवून परत आले. काकांनी एवढेच विचारले, "तांदूळ वाचले ना?"

मला ते वकीलसाहेब म्हणत. मी वकील नाही. परंतु अन्यायाविरुद्ध पत्र लिहिल्याखेरीज मला अन्न गोड लागत नाही. एका कुटुंबाला समुद्र दिसणारी खोली सांगून वाहनतळ दिसणारी खोली दिली गेली, तेव्हा मी सहलवाल्यांना चार पानी नोटीस तयार केली. काका म्हणाले, "पाठवा, जरूर पाठवा. पण त्यांना सांगा, आधी किनाऱ्यावर जा. सुट्टी निकालासाठी थांबत नाही हो."

अशा माणसावर वेळ आली. त्यांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, स्मृती जाऊ लागली. शेजारच्या इचिकावा शहरात राहणारी मुलगी, बाक, बाजार, सारे पुसट होत होते. मॉरिशसच्या एका किनाऱ्याविषयी मात्र त्या अजून रोज विचारत. तोही पुसला जाण्याआधी त्यांना एकदा तिथे न्यायचे, एवढेच काकांना हवे होते.

विमान कंपनीने डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले. दिले. मग तेच दुसऱ्या नमुन्यात मागितले. माझ्या संतापाला सीमा राहिली नाही. त्यांच्याच नियमावलीतील कलमे त्यांनाच वाचून दाखवणारे पत्र मी धाडले, आणि आठवड्याभरात अनुमती आली. ती घेऊन मी बाकापाशी गेलो, तो मुलगी आलेली. तिला मराठी समजे, पण उत्तर नेहमी जपानीत.

"मुरी," ती म्हणाली. म्हणजे अशक्य.

"अगं, आज तिला आठवतंय."

"मुरी, ओतोसान," ती वडिलांना म्हणाली, जपानीतच. "विमानात घाबरली तर? तिथे हरवली तर?"

मी पुढे सरसावलो, आणि थांबलो. आईसाठी भिणाऱ्या लेकीविरुद्ध कोणते कलम लावणार? वहिनी बाकाच्या टोकाशी बसून सायकली पाहत होत्या.

मुलीने आईकडे पाहिले आणि नाक पुसले. "तीन तिकिटं काढा, बाबा," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले मराठी.

परवा ती एकटीच परतली. शेजाऱ्यांना द्यायला आणलेली चहाची पाकिटे वाटत माझ्या दाराशी आली. आईबाबा अजून तिथेच आहेत. परतीचे ठरलेले नाही. मी विचारले, "ओळखला का वहिनींनी किनारा?"

"लगेच. कुठे बसायचं तेसुद्धा. पण बाबांना नाही ओळखलं."

वहिनींना वाटले, हे कोणी नवखे पाहुणे आहेत. त्यांनी काकांना शेजारी जागा करून दिली. लाटा कुठवर येतात ते दाखवले. मग आभाळाकडे पाहून फार आदबीने बजावले, "इथे अंधार एकदम पडतो. उजेड आहे तोवर निघा. तुमच्या घरचे वाट पाहत असतील."

काका म्हणाले, "हो, निघतोच." आणि तिथेच बसून राहिले.