कुलूप उघडं नव्हतं

घरात हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. एका डॉक्टरांना सांगितलं, पण जिला सांगायला हवं होतं तिला — नाही.

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. आर्वीजवळच्या तळेगावात आमचं किराणा दुकान. मला एसटीची भीती बसली होती. हसू नका — बस दिसली की छाती धडधडायची, आता मरते असं वाटायचं. माल आणायच्या मेटाडोरमधून नवऱ्यानं मला वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सराव सांगितला: आधी उभ्या बसमध्ये बसायचं, मग पुढच्या थांब्यापर्यंत, मग आर्वी. सोबतीला माझी धाकटी जाऊ, कुसुम.

पण मला आणखी एक होतं. घर सोडलं की वाटायचं, कुलूप नीट लागलं नाही. परत जायचं, ओढून पाहायचं, तीनदा, सातदा — आणि पुन्हा शंका. भीती सांगता येते हो, पण हे कसं सांगणार? वेडीच म्हटलं असतं ना?

मग मी काय केलं? बाकी सगळे दुकानात, म्हणून निघताना घराला कुलूप लावायची कुसुम. स्टँडवरून मी घरी पळायचे, बस निघून जायची, आणि सगळ्यांना सांगायचे — कुसुमनं कुलूप उघडंच टाकलं होतं. एकदा नाही, चार महिने. सराव राहिला बाजूला, डॉक्टर बिचारे गोळ्या वाढवत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

इकडे सासूबाईंनी कुसुमच्या किल्ल्या काढून घेतल्या. दुपारचं दुकान ती सांभाळायची, तिला ते फार आवडायचं — तेही दिरांनी बंद केलं. मी पाहत होते. संशय माझ्यावर नाही म्हणून मला बरंही वाटत होतं.

एकदा वर्ध्याला ती सोबत आली आणि डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाली, "साहेब, मलेबी तपासा ना. कुलूप लावल्याचं मले पक्कं याद राह्यते, मंग ते उघडं कसं सापडते? माह्या डोक्यात काई बिघडलं काय?"

तिला बाहेर बसवून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, आजार दोन आहेत. एक लपवलात म्हणून दुसऱ्याचा इलाज लागू पडेना. मग सराव बदलला. कुलूप मीच लावायचं, एकदाच, आणि मागे फिरायचं नाही. पहिले दिवस नकोसे होते. पण दिवाळीनंतर मी एकटी एसटीनं आर्वीला गेले, आणि खिडकीशी बसून आनंदानं रडले.

आणि कुसुम? डॉक्टर तिला म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. तिला वाटलं, धीर देताहेत. किल्ल्या परत मिळाल्या नाहीत, दुकानही नाही. आजाराकडे बोट कसं दाखवू? बरी झाल्यावर गप्प बसले, तेव्हा कोणता आजार होता?

एवढं लिहिलं आणि छातीवरचं ओझं उतरलं, खरंच. आज जेवणं झाली की हा कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार आहे. कुसुम समोर असेल. तिनं काहीही म्हणावं, किंवा काहीच म्हणू नये. कुलूप तिनं रोज नीट लावलं होतं. मी खोटं बोलत होते.