सिकंदरकाकूंचा टोप

आमची ही चहा गाळता गाळता लढाया सांगायची. हातात सांडशी धरली की तिचा भाला व्हायचा, गाळणं म्हणजे ढाल, आणि टेबलावर ग्लुकोज बिस्किटांची फौज. या बाजूला सिकंदर, त्या बाजूला इराणचा दारा. दाराची फौज मोठी, म्हणून त्याला दोन पुडे, सिकंदराला अर्धा. लढाई संपेपर्यंत बिस्किटाला हात लावायचा नाही असा कायदा होता. पण आमचे म्हातारे दम धरतात होय? दारानं पळ काढायच्या आत त्याची निम्मी फौज चहात बुडालेली असायची. मग ही ओरडायची, "अहो मॅनेजरसाहेब, तो अजून हरला नाही, आत्ताच खाता काय त्याला!"

मनुरेवातले सगळे मराठी लोक तिला सिकंदरकाकू म्हणत. मी आपलं 'ही' म्हणायचो. तिला जाऊन वर्ष होत आलं, तरी माझ्या तोंडात दुसरा शब्द बसत नाही. मी सातवीत शाळा सोडली, जुन्नरला सायकलचं दुकान चालवलं. माझं लिहिणं म्हणजे पाटीवरचं 'पंक्चर काढून मिळेल' एवढंच. तेव्हा शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं.

दोन हजार अकरा साली मुलानं आम्हाला इकडं, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला आणलं. नातीला, इराला, शाळेत ग्रीस देशाचा प्रोजेक्ट मिळाला. सूनबाई पोळ्या लाटताना तिला सिकंदराची गोष्ट सांगत होती आणि ही बाजूला कणीक मळत होती. प्रोजेक्ट इराचा, पण सिकंदर चढला आजीला. पुठ्ठ्याचा घोडा हिनं केला, शेपटीला माझ्या जुन्या मफलरीची लोकर. त्या घोड्याचं खरं नाव हातभर लांब. हिनं त्याचं 'बुक्या' करून टाकलं. शाळेतून परत आल्यावर बुक्या आमच्या फ्रिजवर चढून बसला. अजून तिथंच आहे.

हा बुक्या म्हणे कुणाला पाठीवर बसू देत नव्हता. मोठमोठे सरदार आपटले. सिकंदर तेव्हा पोरगा होता. त्याला दिसलं की घोडा स्वतःच्या सावलीला भितोय. त्यानं घोड्याचं तोंड सूर्याकडं फिरवलं. सावली गेली मागं आणि हा बसला वर. ही गोष्ट हिला फार भिडली, कारण घरात तसाच एक घोडा होता. मी. इथं आल्यावर मला कशाचीही धडकी भरायची. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथं डेअरी म्हणतात. दूध आणायला तिथं जायचो, दुकानदार हसून 'किया ओरा', म्हणजे इथला रामराम, म्हणायचा आणि मी मान डोलवून तसाच रिकाम्या हातानं परत. ही दारात उभी राहून म्हणायची, "तोंड उन्हाकडे करा. सावली मागं पडते."

आता ऊन कुठं असतं हे तरी मला कुठं ठाऊक? जुन्नरच्या सवयीनं मी थंडीत खुर्ची घराच्या दक्षिणेला टाकायचो आणि सकाळभर कुडकुडत बसायचो. मनात म्हणायचो, काय भिकार देश आहे, सूर्यसुद्धा नाही यांना. एक दिवस हिनं मला खुर्चीसकट ओढत घराच्या दुसऱ्या बाजूला नेलं. तिथं लख्ख ऊन! "अहो, इथं सूर्य उत्तरेनं जातो! एवढा थोराड घोडा झालात, कळत नाही?" आणि पोट धरधरून हसली. शेजारची सामोअन बाई काय झालं म्हणून बघायला आली आणि काही न समजता तीही हसत सुटली.

मग हिनं बुधवार काढला. पोरं ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि घरोघरी पुण्या-मुंबईचे म्हातारे खिडकीशी बसलेले. त्यांना हिनं लायब्ररीमागच्या हॉलात गोळा केलं. चहाला टोप आमचा, जुन्नरहून आणलेला, लग्नाकार्यात वापरतात तसला जाड बुडाचा. येताना विमानात हिनं तो कपडे भरून आणला होता. एअरपोर्टवरच्या साहेबानं तो उघडून आत डोकं घातलं, वास घेतला, पुन्हा डोकं घातलं आणि विचारलं हे काय. ही मराठीत म्हणाली, "टोप." तो म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत झकास. सुटलो.

नवा माणूस आला की हिची एक पद्धत होती. लढाईत हरलेल्या पोरस राजाला सिकंदरानं विचारलं होतं ना, तुला कसं वागवू? तेच ही विचारायची. नवा म्हातारा दारात बूट काढत घुटमळत असायचा. सुनेनं ढकलून पाठवलेला, कुणाची ओळख नाही, चेहरा पडलेला. ही कपाळाला आठी घालून म्हणायची, "बोला, तुम्हाला कसं वागवायचं?" तो गांगरायचा. मागून सगळे कुजबुजायचे, "राजासारखं म्हणा, राजासारखं!" तो कसाबसा "राजासारखं" म्हणाला की टोपातला पहिला कप त्याचा. एक आजोबा ते म्हणता म्हणता रडायलाच लागले. ही म्हणाली, "पोरस रडला नव्हता हो. बिस्किट घ्या."

मोहीम मात्र एकदाच फसली. हिनं ठरवलं, सगळ्यांनी आगगाडीनं पुकेकोहेला जाऊन कांद्याचे मळे बघायचे, अगदी आपल्या ओतूरसारखे. पापाकुऱ्याला विजेची गाडी संपते आणि पुढं डिझेलची पकडावी लागते. तिथं फौजेनं बंड केलं. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, एकीला डबाच उघडायचा होता. "सिकंदराची फौजसुद्धा अशीच पंजाबात अडून बसली होती," म्हणाली आणि फलाटावरच्या बाकावर पाठ फिरवून रुसून बसली. तो तंबूत रुसला होता, ही बाकावर. शेवटी गायकवाडांनी मिटवलं. हे एसटीतले जुने ड्रायव्हर, पापाकुऱ्यातच राहणारे. त्यांनी सगळी पलटण घरी नेली आणि पिठलं-भाकरी घातली. ही दोन भाकऱ्या खाऊन म्हणाली, "बरं झालं फौज अडली."

सिकंदर बाबिलोनला तापानं गेला, तिथं हिची गोष्ट दरवेळी थांबायची. पुढं काय झालं विचारलं की म्हणायची, "पुढं नुसती भांडणं आहेत. माझ्या चहात भांडण नको."

मागच्या हिवाळ्यात हिच्या छातीत कफ भरला आणि ती हॉस्पिटलात गेली. बुधवारची मंडळी भेटायला आली. मॅनेजरसाहेब, म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, गळा साफ करून म्हणाले, "काकू, तसं काही नाही, पण... बुधवारचं कुणी बघायचं?" हिच्या नाकात नळी. तरी डोळा बारीक केला आणि म्हणाली, "ज्याच्या अंगात जोर असेल त्यानं." मंडळी गंभीर चेहरे करून निघून गेली. मग माझ्याकडं वळून ही खुदकन हसली. "अहो, गंमत केली. सिकंदर मरताना हेच म्हणाला होता. त्यावरून पुढं काय रामायण झालं ते यांना मी सांगितलंच नाही ना! घरी आले की तुम्हाला सांगते."

घरी ती आली नाही.

आणि या शहाण्यांनी ते खरं धरलं. दिवस झाल्यावरच्या पहिल्याच बुधवारी मॅनेजरसाहेब म्हणाले, काकूंचा शब्द म्हणजे शब्द, आणि जोर दाखवायला चहानं भरलेला टोप एकट्यानं उचलला. कंबर धरून खाली बसले ते बसलेच. पाटणकरबाई जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, जोर म्हणजे शिस्त, आणि हजेरी घ्यायला लागल्या. हजेरी! ज्यांना सकाळी काय खाल्लं आठवत नाही त्यांची! पुढच्या बुधवारी हॉलाच्या एका टोकाला बाईंचं प्राणायाम, दुसऱ्या टोकाला साहेबांची भजनं. हे श्वास आत घेतात तर ते टाळ वाजवतात. नाक धरलेली माणसं ठेका धरायला लागली. मी मधे बसलेलो. दोघं म्हणतात, काका, तुम्ही सांगा काकूंच्या मनात कोण होतं. मी म्हटलं, "तिच्या मनात तुम्ही सगळे गाढव होता." खरं ते बोललो.

याच धुमश्चक्रीत गायकवाडांनी टोप गाडीत घातला आणि पापाकुऱ्याला पळवला. तिथं त्यांनी शुक्रवार सुरू केला. पाटणकरबाई मुलाबरोबर हॅमिल्टनकडं रोटोटुनाला राहायला गेल्या आणि तिकडं तिसरा संसार मांडला. मनुरेवात उरले साहेब आणि इलेक्ट्रिकची किटली. किटलीचा चहा म्हणजे गरम पाण्याला आलेला घाम. लोक गळायला लागले. हिनं दहा बोटांनी जमवलेलं माझ्या डोळ्यांसमोर फुटत होतं आणि मला बाकी काही नको होतं, निदान तो टोप घरी हवा होता. त्याच्या काठावर हिच्या सांडशीचे वळ आहेत.

इरा आता हायस्कुलात. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिला म्हटलं, "आजीनं पुढचं सांगायचं ठेवलं. सिकंदर मेल्यावर काय झालं ते तू सांग." ती सोफ्यावर पाय घेऊन बसली. "दे फॉट, आबा. हीप्स. लाइक, फॉर्टी इयर्स."

"चाळीस वर्षं भांडले? कशावरून?"

"एव्हरीथिंग. वन जनरल इव्हन स्टोल द बॉडी. अख्खी फ्युनरलची गाडी. टुक इट टू इजिप्त."

"गायकवाड!" मी एवढ्यानं ओरडलो की सूनबाई आतून पळत आली. इरा आणि मी हसून हसून लोळलो. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी असं हसलं. त्या सरदारानं प्रेत पळवलं ते सोन्याच्या देवळासारख्या सजवलेल्या मोठ्या गाड्यातून. आमच्या गायकवाडांची टोयोटा.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "मग राज्य कुणाला मिळालं?"

"नोबडी. नॉट द होल थिंग."

"म्हणजे वाया गेलं सगळं."

"नाही आबा," हे ती मराठीत म्हणाली. मग तिनं आपल्या पद्धतीनं सांगितलं ते मला असं समजलं. राज्याचे तुकडे झाले, पण जिथं जिथं तुकडा गेला तिथं ग्रीकांची बोली गेली, नाटकं गेली, सिकंदराच्या नावाची गावं राहिली. भांडणारे मेले, बोलणं उरलं. मग तिनं फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "आबा, युवर जुन्नर!" आमच्या जुन्नरच्या लेण्यांत दगडावर कोरलंय की एका यवनानं पाण्याची टाकी दान दिली. दुसऱ्यानं जेवायला बसायची जागा करून दिली. यवन म्हणजे ग्रीक. सिकंदरानंतर कितीतरी पिढ्यांनी तिथवर पोचलेले, लढायला नव्हे.

ही माहेरचीही जुन्नरचीच. लहानपणी शेळ्या घेऊन लेण्यांकडं जायची, टाक्यातलं पाणी ओंजळीनं प्यायची. म्हणजे सिकंदर इराच्या प्रोजेक्टातून आलाच नव्हता, आधीच पोटात होता! "अगं ऐकलंस का," म्हणत मी उठलो आणि सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. फ्रिजवर बुक्या होता. इरा मागून आली आणि तिनं माझा हात धरला.

त्या शुक्रवारी मी एकटा गाडीत बसून पापाकुऱ्याला गेलो. टोप आणायला म्हणून मोठी पिशवीही घेतली होती. हॉल शोधला, दारात चपला काढायला वाकलो. आत टोपाला उकळी आली होती. वास ओळखीचा. गायकवाडांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे जागच्या जागी थिजले. एवढ्यात एक बाई पुढं आल्या. मी कधी न पाहिलेल्या, नुकत्याच नागपूरहून मुलीकडं आलेल्या. हिला त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कपाळाला आठी घालून मला म्हणाल्या, "नवीन दिसता. बोला, तुम्हाला कसं वागवायचं?"

गायकवाड पुटपुटले, "मावशी, अहो ते..."

मागून सगळे कुजबुजायला लागले, "राजासारखं म्हणा!"

मी म्हटलं, "राजासारखं."

पहिला कप मला मिळाला. आलं जास्त, साखर जास्त, हिच्या हाताची सर नाही ती नाहीच. कप संपवला आणि गायकवाडांना म्हटलं, "टोप राहू द्या इथंच. पण काठ घासताना ते वळ घालवू नका." गायकवाडांनी डोळे पुसले आणि वर म्हणतात, "टोप न्यायला पिशवी आणली होती ना काका? एसटीत सत्तावीस वर्षं काढलीत, पिशवी बघून प्रवासी ओळखतो." मी म्हटलं, "गप बसा, इजिप्तवाले." त्यांना कळलं नाही. कळणार कसं, पुढचं कुणी ऐकलंच नव्हतं.

आता मी बुधवारी मनुरेवाला असतो, साहेबांना किटली बाजूला ठेवून पातेल्यात चहा करायला लावलाय. शुक्रवारी पापाकुरा. रोटोटुनाला मुलगा गाडीनं नेतो, महिन्यातून एकदा. बाई माझीही हजेरी घेतात. देतो.

पण त्या पहिल्या शुक्रवारी पापाकुऱ्यात त्या नागपूरच्या बाईंनी विचारलं, "काका, तो सिकंदर तर गेला. पुढं काय हो?" मी बिस्किटांचा पुडा फोडला आणि फौज मांडली, भांडणाऱ्या सरदारांचे चार ढीग. मांडेपर्यंत एक ढीग कुणीतरी खाल्लासुद्धा. खुर्ची ओढली, तोंड उन्हाकडे केलं, उत्तरेला, बरोबर, आणि म्हटलं, "राजा गेला. पण बिस्किटं उरली होती."