वेलाफी न्याथीचा खांदा

वेलाफी न्याथीचं पोट रानरेड्यांच्या शिकारीवर चालायचं, पण रानरेड्याच्या मांसाचा तुकडा त्याने जन्मात तोंडात घातला नव्हता. न्याथी हे त्याचं कूळ, आणि न्याथी म्हणजेच रानरेडा. आपल्या कुळाचं जनावर खायचं नसतं, हे ग्वाई नदीच्या काठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मारायचं की नाही, यावर मात्र म्हाताऱ्यांची दहा तोंडं दहा दिशांना. वेलाफीने आपल्यापुरता तोडगा काढला होता. रेडा पडला की पाहुणे फोटोंच्या गडबडीत असताना तो जरा बाजूला जायचा, हलक्या हाताने टाळ्या वाजवायचा, कुळातल्या जुन्या माणसांची नावं घ्यायचा आणि माफी मागायचा. शिकारीच्या तळावरची माणसं त्याची फिरकी घ्यायची.

"आज भावकीतला कोण उडवलास रे? चुलता की मामा?"

"मामा आपल्या कुळातला नसतो, गाढवा," वेलाफी म्हणायचा, आणि सगळ्यांबरोबर हसायचा.

त्याचं काम ऐकायला सोपं वाटेल. परदेशी पाहुण्याला रानात न्यायचं आणि जनावर दाखवायचं. गोळी पाहुण्याने मारायची. पाहुण्याची गोळी वाकडी गेली आणि रेडा जखमी होऊन झाडीत घुसला, की त्याच्यामागे जाऊन त्याला संपवायचं काम वेलाफीचं. पाहुणे काय, मायदेशी जाऊन भिंतीवर शिंगं लावतात. झाडीत शिरावं लागतं ते इथल्या माणसाला.

आणि वेलाफीच्याही पुढे असायचा झेंझो चुमा, माग काढणारा. वेलाफीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. झेंझोच्या हातात एक काठी, बाकी काही नाही. नजर जमिनीवर. रक्ताचा थेंब, मोडलेलं गवत, उलटलेला खडा. माग काढणाऱ्याने मान वर करायची नसते. वर बघायला लागला की माग सुटतो. समोर बघायचं ते बंदूकवाल्याने, मागून. म्हणजे झेंझोने आपली पाठ आणि आपला जीव वीस वर्षं मेव्हण्याच्या हवाली केला होता, आणि त्याबद्दल दोघांत कधी एक शब्दही झाला नव्हता.

घात झाला तो निशाणाच्या मैदानावर, तोही गमतीत. एक पाहुणा आपली भली थोरली बंदूक घेऊन आला होता. "मारून बघा की," म्हणाला. चार लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? वेलाफीने दस्ता खांद्याला नीट न टेकवताच चाप ओढला आणि गळपट्टीचं हाड तडकलं. हिवाळ्यापर्यंत हाड जुळलं. पण त्यानंतर एक भलतंच होऊन बसलं. बंदूक कुठलीही असो, चाप ओढायच्या क्षणी त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि खांदा मागे सरकायचा. बार व्हायच्या आधीच खांदा चोरायचा. त्याने दात खाल्ले, स्वतःला शिव्या घातल्या, पण अंग ऐकेना. या धंद्यात लंगडा शिकारी चालतो, बहिराही चालतो. डोळे मिटणारा चालत नाही. वेलाफीने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मागच्या हंगामात ते अंगाशी आलं. पाहुण्याने जखमी केलेला म्हातारा रेडा झाडीतून धावून आला आणि वेलाफीने तळावरच्या जुन्या बंदुकीने गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या. एक पोटात गेली, एक मांडीत, एक तर वारुळात. शेवटी रेडा कोसळला तो झेंझोच्या पायाशी, आणि मरताना असा हंबरला की वेलाफीला आठवडाभर झोप लागली नाही. तळावर सगळ्यांनी निदान केलं की बंदूकच हलकी. "त्या पावणेचारशेनं घात केला," जो तो म्हणू लागला. बंदुकांची नावं गोळीच्या जाडीवरून पडतात. पावणेचारशे म्हणजे मधली, चारशे सोळा म्हणजे तिची थोरली बहीण, वेलाफीचं हाड तडकवणारी, आणि पाचशे म्हणजे अंगठ्याएवढी गोळी. वेलाफीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हळूहळू त्यालाही ते पटू लागलं. गोळी चुकणारच असेल, तर निदान अशी असावी की लागेल तिथे रेडा खाली बसेल. बुडणारा माणूस काडीला धरतो, तसं त्याने हे धरलं.

स्वतःची बंदूक बांधून घ्यायची म्हणून त्याने नांगराचे बैल विकले. बायको मासिबांडा चुलीवर इसिच्वाला नावाची घट्ट उकड ढवळत होती. मक्याच्या पिठात फिरणारा तिचा लाकडी दांडा थांबला.

"बैल विकून बंदूक? पेरणीला नांगराला काय तुझ्या भावकीतला रेडा जुंपायचा?"

"झेंझो मरता मरता वाचला. बहिणीला काय तोंड दाखवू मी?"

यावर तिचा दांडा पुन्हा फिरू लागला. खरं कारण झाकायला त्याने बहिणीचं नाव वापरलं होतं, आणि ते त्याला जेवताना बोचत राहिलं.

बुलावायो शहरात एका गल्लीच्या टोकाला रादेमायर नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुका बांधायचं दुकान होतं. सगळे त्याला मिस्तरी म्हणायचे. मिस्तरी इतरांसारखं आधी जनावर विचारत नसे. आधी माणूस बघायचा. गिऱ्हाइकाचा हात मापायचा, मान मापायची, खांदा चाचपायचा. वेलाफीच्या गळपट्टीवरची गाठ त्याच्या बोटांना लगेच लागली. दोन जुन्या बंदुका गाडीत टाकून तो वेलाफीला शहराबाहेर दगडाच्या खाणीत घेऊन गेला.

तिथे तो दर वेळी पाठ करून बंदूक भरायचा आणि वेलाफीच्या हातात द्यायचा. पहिला बार झाला, दुसरा झाला. तिसऱ्या वेळी वेलाफीने चाप ओढला आणि नुसतं खट्ट वाजलं. मिस्तरीने आत रिकामं काडतूस घातलं होतं. बार नाही, धक्का नाही, तरी नळी वीतभर खाली गेली होती, खांदा मागे गेला होता आणि डोळे अजून मिटलेले होते. वेलाफीने ते उघडले तेव्हा मिस्तरी त्याच्याकडेच बघत होता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"न्याथी, मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

वेलाफी एका दगडावर बसला. पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही.

"हे बघ," मिस्तरी म्हणाला, "मी तुला पावणेचारशेच बांधून देतो. दस्ता जड करतो, धक्का मऊ लागेल. पण आधी दोन हंगाम रान बंद. पोरांच्या छऱ्याच्या बंदुकीपासून परत सुरू करायचं. जाईल हे. काहींचं जातं."

"आणि काहींचं?"

"काहींचं नाही जात."

"दोन हंगाम घरी बसलो तर माझी जागा राहते होय? सांगू काय लोकांना?"

"निदान त्या माग काढणाऱ्याला तरी सांग."

"सांगितल्यावर तो माझ्यापुढं चालेल?"

"शहाणा असेल तर नाही चालणार."

वेलाफीने बंदुकीतलं रिकामं काडतूस काढून मिस्तरीच्या हातावर ठेवलं. मग म्हणाला, "पाचशेच बांध मिस्तरी. माझ्या कुळाचं जनावर आहे. एका गोळीत जायला पाहिजे, तडफडायला नको."

"कुळाला मधे आणू नकोस. रेड्याला गोळीची जाडी कळत नाही, जागा कळते. अरे, जिनं हाड मोडलं तिच्याहून थोरली मागतोयस तू."

"तू नाही बांधलीस तर दुसरा कोणी बांधेल."

ते खरं होतं. दुसऱ्याने बांधली तर वजनाला हलकी बांधेल आणि धक्का आणखी बसेल, म्हणून मिस्तरीने ती स्वतः बांधली. जमेल तितकी जड केली आणि दस्त्याला जाड रबर लावलं. पण देताना त्याने हात मिळवला नाही.

बंदूक तळावर आली तेव्हा सण असल्यासारखं झालं. स्वयंपाकी, गाडीवाला, सगळ्यांनी ती उचलून पाहिली. झेंझोला तर काय करू अन् काय नको असं झालं.

"मेव्हणे, आता मी डोळे मिटून चालतो बघा पुढं."

वेलाफी हसला. तो हसू शकला, याचीच त्याला नंतर चीड आली. एकदा कुणी नसताना तो लांब ओढ्यात गेला आणि बाओबाबच्या खोडावर दोन बार टाकले. चार माणसांच्या कवेत न मावणारं झाड, पण एकही गोळी लागली नाही. त्यानंतर त्याने सराव केला नाही. काडतुसं महाग आहेत, असं सांगायला सोपं होतं.

हंगामाचा पहिला पाहुणा अर्तुरो नावाचा स्पॅनिश दंतवैद्य होता. माणूस भला. त्याची गोळी रेड्याच्या पोटात, फार मागे लागली आणि रेडा मोपानीच्या दाट झाडीत घुसला. पाहुण्याला गाडीपाशी थांबवून दोघे मागावर निघाले. झेंझो पुढे, नजर खाली, काठीच्या टोकाने थेंब दाखवत. बऱ्याच वेळाने तो थबकला आणि रिवाजाप्रमाणे एका बाजूला वाकून बसला, म्हणजे बंदुकीला समोरचं मोकळं मिळावं. पुढच्याच झुडपात रेडा उभा होता, तोंड यांच्याकडे करून, नाकातून रक्त गाळत. इतक्या जवळून आंधळ्यानेही मारला असता.

वेलाफीने बंदूक उचलली. उघडे ठेव, उघडे ठेव, असं तो मनाशी म्हणत होता. बार झाला. रेड्याच्या डोक्यावरची फांदी तुटून खाली आली. रेडा वळला आणि झाडी मोडत निघून गेला.

वेलाफीने डोळे उघडले, तर झेंझो रेड्याकडे बघत नव्हता. तो बसल्या जागेवरून मान वळवून वेलाफीच्या चेहऱ्याकडे बघत होता. काय पाहिलं ते विचारायची गरजच नव्हती.

झेंझो उठला आणि पुन्हा माग घेऊ लागला. पण आता तो दोन पावलं चालायचा आणि मान वर करून समोरची झाडी बघायचा. परत खाली, परत वर. वीस वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. प्रत्येक वेळी त्याची मान वर झाली की वेलाफीचं पाऊल अडायचं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की खाली बघ, मी आहे. पण कुठल्या तोंडाने सांगणार? खडकाळ जमीन लागली तिथे माग सुटला. दुसऱ्या दिवशीही शोधलं. गिधाडंही उतरली नाहीत. म्हणजे रेडा कुठेतरी जिवंत होता, सडत होता, आणि त्याच बाजूला गावच्या बायका गवत कापायला जायच्या.

परतताना वेलाफी म्हणाला, "दाजी, काहीतरी बोला. शिव्या तरी द्या."

"काय बोलू?" झेंझो म्हणाला. "मागल्या साली पण हेच होतं ना? बंदुकीचा काही दोष नव्हता."

"नव्हता."

"मी कुणाला सांगणार नाही. तुमचं घर तेच माझं घर. पण माझ्या पाठीमागं तुम्ही नको. आणि पुढं जो येईल त्याला तुम्ही सांगायचं. तुम्हीच. मी नाही."

त्याच संध्याकाळी झेंझो तळाच्या मालकिणीकडे गेला आणि आपली नजर अधू झाली, आता माग दिसत नाही, असं सांगितलं. रक्ताचा माग सुटल्याचं सगळ्यांनी ऐकलंच होतं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मालकिणीने त्याला पाणी तापवण्याच्या कामावर ठेवलं. ज्या माणसाला उलटलेला खडा दिसायचा, तो बंबाखाली लाकडं सारू लागला. लोक हळहळले. "वीस वर्षं त्याला सांभाळलंस हो," असं स्वयंपाकी वेलाफीला म्हणाला, आणि वेलाफीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

त्याच्या जागी लुपाने भागातला थुलानी आला. नुकतं लग्न झालेला, कामाला वाघ, आणि वेलाफीचं नाव ऐकून हरखलेला. आधीच्या तळावरचा शिकारी म्हातारा होता, म्हणाला, त्याच्यापुढं चालताना भीती वाटायची.

पहिल्याच आठवड्यात पुन्हा एका पाहुण्याची गोळी वाकडी गेली. झाडीच्या तोंडाशी थुलानीने चपला काढून ठेवल्या आणि काठी हातात घेतली. वेलाफीने सकाळपासून शब्द जुळवून ठेवले होते. झेंझोने तेवढंच मागितलं होतं.

"थुलानी."

"काय बाबा?"

पाहुणा गाडीतून बघत होता, गाडीवाला बघत होता. रेडा आतच कुठेतरी होता, आणि कुणीतरी आत जायलाच हवं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्याकडून झालं नाही, आणि होणार नाही हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्याला स्वतःची किळस आली.

"हळू चाल," तो म्हणाला.

"तुम्ही आहात की मागं," असं म्हणून थुलानीने मान खाली घातली आणि तो झाडीत शिरला.