चाचांच्या टीव्हीतला अंधार

इस्माईलचाचांचा त्या महिन्यातला तिसरा फोन आला तेव्हा मी दुकानात एका टेपरेकॉर्डरचा बेल्ट बदलत होतो.

“दिगू, सेट परत काळा मारतोय. दोन वेळा येऊन तू केलास तरी काय?”

मी रत्नागिरीत टीव्ही दुरुस्तीचं काम केलं, सत्तावीस वर्षं. ही गोष्ट दोन हजार एकच्या सुमाराची. तेव्हाचे टीव्ही मागे मोठं पोट असलेले, काचेच्या पिक्चर ट्यूबचे. चाचांचा सेट जपानी, एकोणतीस इंची. तीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी होते ते. शेवटच्या खेपेला त्यांनी हा सेट दुबईहून आणला होता. राजिवड्यातल्या त्यांच्या आळीत तेवढा मोठा सेट दुसरा नव्हता आणि तो उघडायला ते माझ्याशिवाय कोणाला देत नसत.

त्यांचा दिवस ठरलेला. दुपारची जोहरची नमाज, जेवण आणि दोन वाजता केबलवाल्याच्या चॅनलवर लागणारा पिक्चर. रोज एक. असरच्या, म्हणजे पाचच्या सुमाराच्या नमाजेच्या आत संपला तर पिक्चर चांगला. लांबला तर डायरेक्टर अडाणी. बोटीवर असताना महिनोन्‌महिने एकच कॅसेट बघायला लागायची, त्याची भरपाई चाललीय, असं सांगत.

मी सेटच्या मागे वाकलेलो असताना त्यांची मतं सुरू असायची. “हिरो दोर कसा पकडतो बघ. असा पकडला तर तळहाताची साल निघेल.” “विलन बरा होता. घरात शिरताना चपला काढल्या त्याने.” “हिरॉईनची आई हिच्यापेक्षा हुशार हाय. तिलाच घ्यायचा होता.” हिरो नोकरी कसली करतो हे कधीच दाखवत नाहीत, हा त्यांचा कायमचा राग. मला त्यांच्याकडे जायला आवडायचं, हे कबूल करतो. काम दहा मिनिटांचं आणि बसणं तासाभराचं.

अलीकडे त्यात एक नवीन मत आलं होतं. “आजकाल सगळे पिक्चर अंधारात काढतात. चेहरा म्हणून दिसत नाय कोणाचा.” मी हसून सोडून दिलं होतं. तिथेच माझं चुकलं.

पहिल्या फेरीला मी ब्राइटनेस आणि कलर वाढवून दिले. खाडी त्यांच्या दारापासून पन्नास पावलांवर. खाऱ्या हवेने आतले सांधे गंजतात, म्हणून तेही साफ केले. दुसऱ्या फेरीला स्टॅबिलायझर तपासला, केबलची पिन बदलली, कलर आणखी वाढवला. आता तिसरी तक्रार. मी सेट उचलून दुकानात आणला.

सेट जुना झाला की ट्यूबचं एमिशन कमी होतं. म्हणजे आतून पडद्यावर येणारा मारा कमजोर होतो आणि चित्र काळपट दिसतं. मी ट्यूब टेस्टरवर लावली. नव्यासारखी होती. दोन दिवस सेट चालू ठेवला. एक गिऱ्हाईक म्हणालं, “अहो, याचे रंग जरा कमी करा. डोळे दुखतात.”

मी खुशीत सेट परत नेऊन लावला. चाचा खुर्ची ओढून पुढ्यात बसले, मान जरा तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, “तसाच हाय.”

मला राग आला. चाचा मशिदीबाहेर सांगत होते की दिगूचा हात गेला, आता सेट विकून टाकायचा. माझ्या धंद्यात हात गेला म्हणजे सगळंच गेलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातला माझा स्टँडबाय सेट, वेगळ्या कंपनीचा, नेऊन त्यांच्या सेटशेजारी ठेवला. दोन्हींना एकच केबल दिली.

चाचांनी दोन्हीकडे पाहिलं. “हा पण काळाच. तुझ्या दुकानाच्या हवेतच काहीतरी हाय.”

दोन कंपन्यांच्या दोन सेटना एकच बिघाड, तोही एकाच घरात? मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. तेवढ्यात दोनचा पिक्चर लागला. हलीमाचाची, म्हणजे चाचांच्या बायको, ताटात तांदूळ निवडायला घेऊन चाचांच्या खुर्चीजवळ येऊन बसल्या. पूर्वी पिक्चरच्या वेळी त्या स्वयंपाकघरात असायच्या.

थोड्या वेळाने त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या. “ती जिना उतरली. हातात चिठ्ठी हाय. तो खांबामागून बघतोय.”

“बोलू नको गं. ऐकू दे,” चाचा म्हणाले.

चाची गप्प झाल्या. दोन मिनिटांनी चाचांनीच विचारलं, “चिठ्ठीत काय लिवला हाय?”

मी महिनाभर सेट तपासत होतो. त्या सेटसमोर बसलेल्या माणसाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

माझ्या पिशवीत पॅटर्न जनरेटर असायचा. तो टीव्हीला जोडला की पडद्यावर रंगांचे आठ उभे पट्टे येतात. डावीकडे पांढरा, मग पिवळा, शेवटी निळा आणि काळा. त्यावरून मेकॅनिकला सेटचे रंग जुळवता येतात. पिक्चर संपल्यावर मी तो जोडला आणि सहज विचारतोय असं दाखवून म्हटलं, “चाचा, डावीकडून रंग सांगा बघू.”

“पिवळा. पिवळा. मग हिरवा...” चाचा भराभर सांगत गेले. “शेवटचे दोन काळे.”

“पहिला पांढरा हाय,” चाची तांदळाकडे बघत म्हणाल्या. “आणि काळ्याच्या अलीकडचा निळा.”

मग चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मेडिकल घेतोस माझी?”

बोटीवर जाणाऱ्याला दर कराराआधी डोळ्यांची तपासणी द्यावी लागते. अंधाऱ्या खोलीत लाल, हिरवे, पांढरे दिवे दाखवतात आणि रंग विचारतात. एक चुकला की घरी. चाचा तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण खोटं बोलणं जमलं नाही.

“सेटमध्ये फॉल्ट नाही, चाचा. तुम्ही डॉक्टरला दाखवा.”

“तुझा सेट उचल,” ते म्हणाले. “माझा राहू दे.”

पंधरा दिवस त्यांचा फोन नाही. गिऱ्हाईक गेलं असं मी धरून चाललो. मग एका सकाळी चाची दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“यांच्या मोठ्या भावाने मोतीबिंदू काढलेला, लय वर्षं झाली. तो डोळा कायमचा गेला. म्हणून हे नाव काढू देत नाय. मी दीड वर्ष सांगतेय. काल रात्री जेवताना आपणहून बोलले, दिगू येत असेल तर जाऊ. डॉक्टरला बिघाड नीट समजावून तोच सांगेल.”

मी दुकानाला कुलूप लावलं.

डॉक्टर तरुण होते. मी त्यांना आठ पट्ट्यांची हकिगत सांगितली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागले. मग म्हणाले, “बरोबर आहे. डोळ्यातलं भिंग जुनं होऊन पिवळं पडतं. पांढरं पिवळं दिसतं आणि निळा रंग मरतो. आपण ते काढून नवीन बसवतो.”

“म्हणजे ट्यूब चांगली हाय, पुढची काच बदलायची?” चाचांनी मला विचारलं.

“तसंच,” मी म्हटलं.

“भावाची ट्यूबच गेली होती काय?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चाचांना शांतपणे समजावलं की तेव्हाची पद्धत वेगळी होती, आता टाका क्वचितच लागतो, आणि धोका अगदीच नसतो असं नाही. ते शेवटचं वाक्यच चाचांना पटलं असावं. बाहेर येताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. पायरी दिसत नव्हती म्हणून, की भीती वाटत होती म्हणून, ते मी विचारलं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नीट झालं. टीव्ही बघायची परवानगी मिळाली त्याच दिवशी दुपारी फोन. “दिगू, ये. सेट बिघडला.”

गेलो तर पडद्यावर सगळी माणसं शेंदूर फासल्यासारखी. कलर मी फुल करून ठेवला होता ना! बटणं खाली आणली तसे चाचा एकेक बघत गेले. “साडी निळी हाय,” म्हणाले. “भिंत पांढरी.” मग चाचींकडे बघून, “तुझे केस कधी एवढे पिकले?”

“तुम्ही बघत नव्हता तेव्हा,” चाची म्हणाल्या.

मलाही बसवून घेतलं. तो पिक्चर त्यांनी काही महिन्यांपूर्वी ऐकला होता. त्यामुळे ते मला पुढचं आधीच सांगत होते. “आता बघ. मुलगा शेवटी बोटीने परत येतो. आई धक्क्यावर उभी असते.”

शेवट आला. आई धक्क्यावर उभी होती. बोट आली, माणसं उतरली. मुलगा उतरला नाही. पिक्चर संपला.

चाचा पडद्याकडे बघत राहिले. चाची चहा ठेवायला म्हणून उठल्या.

“बस खाली. असे किती पिक्चर सांगितलेस मला?”

“मोजले नाय,” चाची म्हणाल्या. “तुमी बोटीवर असताना मी अशीच वाट बघायची. मला नाय सांगवला तो शेवट.”

चाचांनी रिमोटने सेट बंद केला. मग माझ्याकडे वळून, नेहमी पिक्चरबद्दल मत देतात तशा आवाजात म्हणाले, “या पिक्चरवाल्यांचा शेवट काय खास नाय. हिचा बरा होता.”

तेव्हापासून चित्र काळं येतं अशी तक्रार आली की मी सेट उघडत नाही. आधी गिऱ्हाइकाला समोर बसवून पट्टे दाखवतो. त्यापायी चारपाच जण डॉक्टरकडे गेले. दुसरी सवय लागली ती अशी, की बिघाड केव्हापासून आहे हे मी त्या घरातल्या बाईला विचारतो. ती खरं सांगेलच असं नाही, पण तिला माहीत असतं.