सैतानाला हरकत असल्यास

सैतानाशी रीतसर करार केलेला, आणि तरीही रोज सकाळी उठून केळींना पाणी घालणारा माणूस उभ्या वसईत एकच, आणि तो आमचा शेजारी. पापडीला आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी, आणि दोन्हींच्या मध्ये एक बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, पावसाचं पाणी साठवून ठेवणारं. या तळ्याच्या काठी, भर दुपारी बारा वाजता, आपण आपला आत्मा सैतानाला दिला आणि बदल्यात व्हायोलिन घेतलं, असं ते गेली अठ्ठेचाळीस वर्षं सांगत आले आहेत. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही, पण हनुवटीखाली व्हायोलिन धरणाऱ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारणं आमच्याकडे बरं दिसत नाही.

ही कथा मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकली असेल, आणि शंभर वेळा सैतानाचे कपडे वेगळे होते. माणिकपूरच्या रिक्षास्टँडवर सांगताना तो सफारी घालून यायचा, हातात ब्रीफकेस, जमिनी बघत फिरणाऱ्या एजंटासारखा. बँकेतल्या साहेबाला सांगताना त्याने तीन प्रतींत फॉर्म भरून घेतलेला असे. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईने एकदा टोपली उतरवता उतरवता विचारलं, "मास्तर, तो या बावखलाचं पानी प्यायला काय?" तर मास्तर म्हणाले, "प्यायला, आणि वर म्हणाला, मचूळ आहे." सैतान रात्री न येता दुपारी कसा आला, अशी शंका मी काढली होती. "रात्री त्याला मुंबईत कामं असतात," असं उत्तर मिळालं.

करारातल्या अटी मात्र कधी बदलल्या नाहीत. एक, रोज दुपारी बावखलाच्या काठी वाजवायचं, तेही घराकडे पाठ करून. दोन, चर्चमध्ये कधीही वाजवायचं नाही. बाकी कुठेही मुभा. त्यामुळे मास्तर लग्नाच्या पार्टीत बँडबरोबर वाजवत, आमच्या गणपतीपुढे वाजवत, एकदा तर नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला वाजवलं आणि डॉक्टरांची आई रडली. पण चर्चची पायरी चढताना हात रिकामे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना शेवटच्या बाकावर बसत, आणि क्वायर बेसूर झालं की खिशातल्या खिशात बोटं हलवत. फादर बदलत गेले. प्रत्येक नव्या फादरने येऊन विनंती केली, आणि प्रत्येकाला मास्तरांनी मोठ्या नम्रतेने सांगितलं, "फादर, माझी ना नाही हो, पण समोरची पार्टी कडक आहे." एका फादरने हे ऐकून क्रूस केला. बाकीच्यांनी चहा घेतला.

कलावंताला असा करार शोभतो, हे मास्तरांचं ठाम मत. परदेशात म्हणे जुन्या काळी असे वादक होऊन गेले, की लोक शपथेवर सांगत, याचा गज सैतानच ओढतो. मला वाटतं, या गोष्टीचं खापर ऐकणाऱ्यांवरच फोडायला हवं. कुणी फार चांगलं वाजवलं की आपल्याला आपलीच लाज वाटते, आणि त्याने काहीतरी भलत्या वाटेने मिळवलं असणार असं म्हटलं की घरी जाऊन शांत झोप लागते. विरारच्या फुलपाड्याहून एक गिटारवाले गृहस्थ, चांगले नोकरदार, बायकामुलांचे, खास रजा टाकून मास्तरांकडे आले होते. तीन आठवडे शिकूनही बोटं वळत नव्हती, म्हणून त्यांना सैतानाचा पत्ता हवा होता. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "देतो ना. पण त्याच्याकडे वशिला चालत नाही. आधी बारा वर्षं रोज दुपारी दोन तास हेच सूर घोटायचे. त्याशिवाय तो दारात उभं करत नाही." गृहस्थ परत गेले. त्यांनी गिटार विकून टाकल्याचं पुढे कळलं.

मी पेशाने दस्त लिहिणारा. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, आणि त्यापूर्वीच्या जाहीर नोटिसा, यांतच माझं आयुष्य गेलं. वकिली मी एक दिवसही केली नाही, तरी मास्तर मला वकील म्हणतात. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तू कागद बघतोस ना? मग मला एक सांग. जमीन दोघांच्या नावावर असली, आणि एकाने दुसऱ्याला न विचारता देऊन टाकली, तर चालते काय?"

"नाही चालत मावशी. दुसऱ्याची सही लागते."

"मग झालं. आमचं लग्न आधीचं. यांचा करार लग्नानंतर दुसऱ्या वर्षीचा, हे स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतात. लग्नात चर्चमध्ये आल्तारासमोर यांनी स्वतःला मला दिलं. मग माझा हिस्सा त्या मेल्याला कसा काय दिला?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. जानेवारीत त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि चर्चमध्ये आभाराची मिस्सा ठरली होती. मावशींचा उजवा कान केव्हाच गेला होता. डावा मशीन लावून जेमतेम चालत होता, आणि तोही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "गावाने यांना सगळीकडे ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी काय ऐकलं? भांडी घासताना मागून आलं तेवढं. एकदा चर्चमध्ये, माझ्यासाठी वाजवलेलं ऐकायचंय. कान आहे तोवर."

मग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा मसुदा लिहिला. "तमाम लोकांस कळविण्यात येते की, आमचे अशील, राहणार पापडी, यांनी आपला आत्मा सैतान नामक इसमास तोंडी कराराने दिला असून, सदर आत्म्यात अशिलाच्या पत्नीचा अर्धा हिस्सा आहे व तिची संमती घेतलेली नाही. सबब सदर करार रद्द समजण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा हरकत नाही असे गृहीत धरले जाईल." प्लास्टिकच्या पिशवीत घालून ही नोटीस बावखलाच्या काठच्या माडाला बांधली. मास्तर चष्मा लावून दोनदा वाचून गेले. "मसुदा पक्का आहे," एवढंच म्हणाले. वसईच्या माणसाचा सैतानावर विश्वास कमीजास्त असेल, पण जाहीर नोटिशीला तो मानतो.

चौदा दिवस काही झालं नाही. पंधराव्या दिवशी सकाळी पिशवीत एक चिठ्ठी निघाली. "हरकत आहे. चर्चमध्ये त्याचा हात चालणार नाही. सगळ्यांसमोर फजिती होईल. सही, सैतान." चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पाच पाच रेघा छापलेल्या होत्या, संगीत लिहायच्या कागदावर असतात तशा. असा कागद पापडीत एकाच घरात आहे.

मी चिठ्ठी घेऊन मास्तरांकडे गेलो. ते केळीची सुकी पानं कापत होते. कागद बघून त्यांनी कोयता खाली ठेवला आणि खरं काय ते सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मेव्हणीच्या लग्नात ते चर्चमध्ये वाजवायला उभे राहिले होते. गज तारेवर ठेवला आणि हात थिजला. भरलेलं चर्च वाट बघत राहिलं. शेवटी ते तसेच खाली बसले. बाहेर आल्यावर कोणीतरी थट्टेने म्हणालं, सैतानाने हात धरला वाटतं. "मला बरं वाटलं रे वकील," मास्तर म्हणाले. "घाबरला म्हणण्यापेक्षा ते बरं. मग मी त्यालाच धरून राहिलो." मला त्यांच्याविषयी फार माया दाटून आली. अठ्ठेचाळीस वर्षं रोज दुपारी दोन दोन तास मेहनत केली, आणि तिचं श्रेय दुसऱ्याला देऊन टाकलं, तेही केवळ एका सकाळच्या भीतीपायी.

दस्ताचं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. मी उलट कळवलं की हरकतदाराने कागदपत्रांसह रविवारी दुपारी बारा वाजता समक्ष हजर राहावं. रविवारी आम्ही तिघं बावखलाच्या काठी खुर्च्या टाकून बसलो. मावशींनी सरबत केलं होतं, आणि चार ग्लास आणले होते. एक वाजेपर्यंत कोणी आलं नाही.

"आणि हात थिजला तर?" मास्तरांनी पाण्याकडे बघत विचारलं. या खेपेला त्यांनी सैतानाचं नाव घेतलं नाही.

"तेव्हा मी पहिल्याच बाकावर बसले होते," मावशी म्हणाल्या. "मला काय नवीन आहे? थिजला तर थिजू दे. आणि चुकलात तरी मला अर्धंच ऐकू येणार."

मास्तर आधी हसले, मग चष्मा पुसायला लागले. चौथा ग्लास त्यांनीच पिऊन टाकला.

मिस्सेला चर्च भरलेलं होतं. लोक प्रार्थनेला आले होते की सैतान काय करतो ते बघायला, कोण जाणे. मास्तर उठले आणि पुढे जाऊन उभे राहिले. पहिला सूर खरखरला, दुसराही. मग त्यांनी पहिल्या बाकाकडे बघितलं, डोळे मिटले, आणि पुढचं मला लिहिता येणार नाही, मी दस्त लिहिणारा माणूस. एवढं खरं की नेहमी घड्याळ बघणारी मंडळीही घड्याळ विसरली होती. पण मी मावशींच्या मागे होतो, म्हणून मला एक दिसलं, जे मास्तरांना दिसलं नाही. सुरुवातीलाच मशीन शिट्टी मारायला लागलं, तशी मावशींनी ते हळूच कानातून काढलं आणि मुठीत धरलं. शेवटपर्यंत परत लावलं नाही.

बाहेर मांडवात केक कापून झाल्यावर मास्तरांनी भीत भीत विचारलं, "कसं झालं?" मावशी त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. "चांगलं झालं. तिसऱ्या ओळीत घाई केलीत." मास्तर चमकले. "केली खरी," म्हणाले, आणि खूश होऊन केक वाटायला गेले.

मावशींनी मशीन परत लावल्यावर मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून विचारलं, मशीन तर मुठीत होतं, मग कळलं कसं? त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं यांची पाठच बघत आले ना मी. घाई झाली की डावा खांदा वर जातो. त्याला कान कशाला लागतो? पण त्यांना सांगू नकोस, त्यांना वाटू दे ऐकलं." मी आजवर सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय खरं, पण मास्तर नोटिशींखेरीज माझं काही वाचत नाहीत.

आता मावशींना अजिबात ऐकू येत नाही. मास्तर अजून रोज दुपारी बावखलाच्या काठी वाजवतात, मात्र खुर्ची त्यांनी फिरवून घेतली आहे, घराकडे तोंड करून. करारातल्या अटीचं काय, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मुदतीत हजर झाला नाही ना. विषय संपला." ओट्यावर मावशी झाडूसाठी झावळीचे हीर काढत बसलेल्या असतात. एक गत संपली की त्या नुसतं बोट वर करतात, आणि मास्तर तीच परत पहिल्यापासून धरतात.