दोरीवरून उतरलेली पुस्तकं

तुम्ही येता आणि म्हणता, आजी, एखादी गोष्ट सांगा. बरं — आज सांगते. ही मात्र कुणी ऐकलेली नाही. नवरा गेला, तो यातलं काही न कळता गेला. मुलगा याच घरात राहतो, त्यालाही ठाऊक नाही. ऐकून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा.

मालवणाजवळ, मसुऱ्याकडच्या आमच्या वाडीतल्या शाळेत मी पोरांचा दुपारचा भात रांधायची. स्वतः शाळेत कधी गेले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचायला शिकले. भात शिजेपर्यंत पोरं चुलीभोवती बसायची आणि मी गोष्टी सांगायची. कुणाच्या? आमच्या देवचाराच्या. शाळेमागच्या वडाखाली त्याचा दगड आहे. तो गावचा राखणदार, रात्री दिवटी घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो. त्याच्या वडाखाली चपला घालून जायचं नाही, भर दुपारी तर जायचंच नाही. मास्तर येत, बदलून जात — चूल आणि मी तिथेच. शाळा माझ्यामुळे चालते असं मला वाटायचं. हसू येतं ना?

मग ती आली, शाळेची नवी बाई. घाटावरची, कोवळी, सोलकढी पिताना तोंड वाकडं करणारी. आल्या आल्या वर्गात भिंतीला दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रांची पुस्तकं टांगली. आधीच्या मास्तरांनी ती पुस्तकं मळू नयेत म्हणून कपाटात कुलपाखाली जपलेली. हिने ती पोरांच्या हातात दिली — घरून बांगडा खाऊन आलेल्या हातांत. वाचून दाखवताना पान उलटायच्या आधी थांबायची, पुढे काय होईल असं विचारायची. पोरं एकमेकांवर ओरडून सांगायची. चुकली तरी ही रागवायची नाही. चुलीपर्यंत सगळं ऐकू यायचं. आणि चुलीपाशी कुणी नसायचं.

द्वेष केला मी तिचा. साधा, रोजचा. तिच्या ताटात भात वाढताना खालचा करपलेला वाढायची. ती काही न बोलता खायची — त्याचाही राग यायचा.

माझी नात तन्वी तिच्याच वर्गात. एका रात्री मी तिला थोपटत गोष्ट सांगत होते, तर म्हणते, "आजये, तुझी गोष्ट नेहमी तशीच संपता. देवचार येता नि वाचयता." माझा हात थांबला. पोरगी वाईट वाटावं म्हणून बोलली नव्हती. तिला फक्त दिसलं होतं. ते तिला कुणी दाखवलं?

पुढे बाईंनी एक पुस्तक वाचलं. त्यातली मुलगी भुताच्या झाडाखाली जाते आणि वर बघते, तर घुबड. पोरं हसत भाताला आली. "आजी, तुझो देवचार पण घुबडच आसतलो," एक जण म्हणाला. सगळी हसली. तन्वीही हसली.

दुसऱ्या दिवशी बाई कसल्याशा कामासाठी केंद्रशाळेत गेलेल्या. मी पोरांना म्हटलं, "बुकात घुबड आसा मा? मग जावा, आमच्या वडार काय आसा ता बघून येवा." भर दुपारी. पायात चपला. कळत होतं मला? सगळं कळत होतं. ती भिऊन परत येतील, चुलीला चिकटून बसतील — एवढंच हवं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटं. मला ती बाई नको होती.

गुरं राखणाऱ्या एकीने पोरांना दगडावर चढलेलं पाहिलं. संध्याकाळी त्यातल्या एकाला ताप भरला, आणि देवचार कोपला अशी वाडीभर कुजबुज सुरू झाली. सकाळी गाव शाळेत यायच्या आधी मी पोरांना चुलीपाशी बसवलं, जत्रेतले खटखटे लाडू हातावर ठेवले आणि सांगितलं, "कोणी इचारल्यान तर सांगा, बाईंनी धाडल्यानी." नीट घोकून घेतलं. ती माझी शेवटची गोष्ट. आणि पोरांनी ती न चुकता सांगितली.

बाई एकदाच म्हणाल्या, "मी नाही पाठवलं." मग पोरांकडे बघितलं. त्यांची तोंडं बघून गप्प झाल्या. पोरांना गावासमोर खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं — हे मला तेव्हाच, तिथेच समजलं. मी पदराला हात पुसत उभी होते.

देवळात गाऱ्हाणं घातलं. मानकरी म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या परक्या बाईकडसून काय चुकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा." सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." माझा आवाज सगळ्यांत मोठा. माझ्या शेजारी तीही हात जोडून उभी होती. कुणीतरी ढोसलं तेव्हा तीही म्हणाली, व्हय म्हाराजा. घाटी हेल काढून. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

दोरी उतरली, पुस्तकं कपाटात गेली. वर्ष संपताच ती बदलून गेली. पोरं पुन्हा चुलीपाशी बसू लागली, कारण जायला दुसरीकडे काही नव्हतं.

तन्वी तेवढी बसली नाही. भात घ्यायची आणि ओसरीच्या टोकाला जाऊन खायची. तिने कुणाला काही सांगितलं नाही, मला विचारलंही नाही. फक्त त्या सकाळी मी हातावर ठेवलेला लाडू तिने खाल्ला नव्हता. घरी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, मुंग्यांनी नेईपर्यंत तो तिथेच होता. मी रोज बघायची. उचलला नाही.

आता ती मालवणात दुकानात कामाला आहे. जत्रेला येते, माझ्या शेजारी उभी राहते, माझी पिशवी धरते. गाऱ्हाणं सुरू होतं, गाव म्हणतो, व्हय म्हाराजा. तिचे ओठ हलत नाहीत. ती समोर बघत राहते.

मी म्हणते. दर वर्षी, मोठ्याने.